टाकीचं पाणी, विहिरीचं पाणी

मनामा, बाहरीन
५ ऑक्टोबर १९८३

प्रिय पॉलिनबाय,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, बहिणीनं भावाला केलेला तक्रार-अर्जच तो. ‘पाणी भरलं, आता पुढं काय’ एवढंच विचारायचं होतं, तर त्यासाठी चार पानं कशाला खर्च केलीस? आणि त्याला टाकी म्हणणं आधी बंद कर. टाकी गच्चीवर असते. हा स्विमिंग पूल आहे. असा पूल मी इथल्या मोठ्या हॉटेलात रोज सांभाळतो, परदेशी लोक त्यात पोहतात आणि पाण्याची तारीफ करतात.

बावखल गेलं म्हणून तू अजून रडतेस. बावखल म्हणजे होतं काय? पावसाचं पाणी साचलेला, शेवाळलेला एक खड्डा. त्यात बेडूक आणि वर डास. उलट मी खोदाई वाचवली, आयत्या खड्ड्याला सिमेंटचं अस्तर देऊन वर फरशा लावल्या. मुंबईची माणसं रविवारी वाडी बघायला येतात, ती आता पोहायलाही येतील.

आता नीट वाच, दोनदा वाच, आणि गावचं डोकं चालवू नकोस. वरच्या कडेला जी तोंडं आहेत त्यांना स्किमर म्हणतात. पाचोळा तिथं अडकतो, तो रोज काढायचा. तळाला जाळी आहे तो मेन ड्रेन. दोन्हीकडचं पाणी पंपात येतं, पंपातून वाळूच्या फिल्टरमध्ये जातं आणि गाळून परत पूलमध्ये येतं. फिल्टरवरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा वर चढला की वाळू तुंबली असं समजायचं आणि हँडल फिरवून पाणी उलटं सोडायचं. त्याला बॅकवॉश म्हणतात. ते घाण पाणी गटारात जाऊ दे.

तपासणीच्या पेटीत दोन नळ्या आहेत. पिवळ्या थेंबांनी क्लोरीन कळतो, तो एक ते दीड हवा. लाल थेंबांनी पीएच कळतो, तो ७.२ ते ७.६ हवा. वर गेला तर ॲसिड, खाली आला तर सोडा. तू मॅट्रिक आहेस, एवढं तुला समजायला हरकत नाही.

तुझा,
रुडॉल्फ


गिरीज
३० ऑक्टोबर १९८३

रुडॉल्फ,

दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं, कारण विड्याची पानं खुडायला येणारी भागूबाई ऐकत बसली होती. सगळं ऐकून ती म्हणाली, “बाय, यवरा करून त्या पान्याला जेवाला काय घालाचा?” मी तिला सांगितलं की पावडर आणि ॲसिड जेवतं ते, आणि आपण त्याच्या उष्ट्याला हात लावायचा नाही.

तू पाठवतो म्हणालास ती क्लोरीनची पावडर वेळेवर आली नाही. तुझं पाणी आठवड्यात हिरवं झालं, त्यावर तवंग आला. तू तिकडे परदेशी लोकांची तारीफ ऐकत बसला होतास, तेव्हा इथं मी काय करायला हवं होतं? पानवेलीवर रोग आला की आपण जे करतो तेच केलं. मोरचूद आणला, चुना विरवला, लाकडी पिंपात दोन्ही कालवलं. लोखंडी भांड्यात कालवायचं नसतं, हे तरी तुमच्या हॉटेलात कुणाला ठाऊक आहे का? बाबांनी शिकवलं त्या मापानं केलं आणि तुझ्या टाकीत ओतलं.

शेवाळ गेलं. पाणी असं निळं झालं की फादर मुद्दाम बघायला आले. त्यांनी तुझी फार स्तुती केली, मी मध्ये बोलले नाही.

पेटीतल्या लाल थेंबांनी मात्र पाणी जांभळं होतंय. तो रंग तुझ्या कागदावर छापलेला नाही.

पॉलिन


मनामा
२० नोव्हेंबर १९८३

पॉलिनबाय,

तुझं पत्र मी इथं कुणाला दाखवलं नाही. दाखवलं असतं तर माझी नोकरी राहिली असती, पण अब्रू गेली असती. पूल म्हणजे पानवेल नव्हे! मोरचूद म्हणजे तांबं. गोऱ्या बाईनं त्यात बुडी मारली तर केस हिरवे घेऊन वर येईल. त्यावर तू चुना ओतलास, म्हणजे पीएच आभाळाला. ते जांभळं त्यामुळेच. आता तांब्याचा साका तळाला बसेल आणि माझ्या पांढऱ्या फरशांवर निळे डाग पडतील. फादरना काय कळतंय, त्यांना निळं दिसलं की झालं.

असं पाणी औषधानं सुधारत नाही. साका व्हॅक्यूमच्या नळीनं ओढून काढ, अर्धं पाणी उपसून टाक आणि विहिरीचं ताजं भर. हयगय नको, डिझेल इंजिन लाव आणि पूल काठोकाठ होईपर्यंत बंद करू नकोस. नाताळात लोक येणार आहेत.

तुला राग येईल, तरी सांगतो. चाळीस वर्षं एका वाडीत राहिलं की माणसाला सगळीकडे वाडीच दिसते.

रुडॉल्फ


गिरीज
८ जानेवारी १९८४

रुडॉल्फ,

नाताळ बरा गेला. तुझं कार्ड आलं, त्यावरचा बर्फ छान आहे.

सांगितलंस तसं केलं. साका काढला, अर्धं पाणी गटारात सोडलं, विहिरीला इंजिन लावलं. टाकी भरली तेव्हा विहीर तळाला गेली होती. बाबा गेल्यापासून ही वाडी मी करते, पण तो तळ मी कधी पाहिला नव्हता. मे महिन्यातही पाहिला नव्हता, आणि आता तर डिसेंबर होता.

तुझी मुंबईची माणसं आली. एका कचेरीतले सगळे साहेब आणि कारकून. पुरुष पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्यांवर, बायका साड्यांसकट. आंघोळ करून उतरा म्हणून मी पाटी लावली होती, तिच्यावर त्यांनी टॉवेल वाळत घातले. एकानं पाण्यातच पान थुंकलं, आणि पान मात्र माझ्याच मळ्यातलं होतं. संध्याकाळी सगळ्यांचे डोळे लाल. क्लोरीन फार घालता म्हणून मला चार गोष्टी सुनावून गेले.

आता खरं तेवढं लिहिते. विहिरीचं पाणी बिघडतंय. चहा बेचव लागतो. पानांच्या कडा तांबूस होऊन वळायला लागल्यात. तुला सिमेंट ओतण्याआधीच सांगितलं होतं की बावखलाचं पाणी जमिनीतून मुरून विहिरीला येतं, आणि ते आहे तोवर समुद्राचं पाणी विहिरीला शिवत नाही. बाबा हेच सांगायचे. यंदाचा सगळा पाऊस तुझ्या फरशीवरून गटारात आणि गटारातून खाडीला गेला. जमिनीत थेंब मुरला नाही. विहीर खारी झाली तर पानवेली मरतील, आणि माझं पोट त्या वेलींवर आहे, तुझ्या टाकीवर नाही.

पॉलिन


मनामा
२ फेब्रुवारी १९८४

पॉलिनबाय,

आधी डोळ्यांचं. डोळे चुरचुरतात ते क्लोरीन जास्त झाल्यानं नाही, कमी पडल्यानं. घाम, थुंकी आणि लोक पाण्यात गुपचूप करतात ते, यांना क्लोरीन चिकटला की क्लोरामाइन होतं. तो उग्र वास त्याचा. अशा वेळी क्लोरीन दसपट घालून रात्रभर पूल बंद ठेवायचा. तू घाबरून कमी केला असशील, मला खात्री आहे.

आता विहिरीचं. पानांच्या कडा करपल्या त्या तुझ्याच मोरचुदानं. पाणी गटारात सोडलं असं तू म्हणतेस, पण पाण्याचा पाट समोर दिसत असताना तू इतकं पाणी वाया घालवशील हे मला पटत नाही. तूच वेलींना तांबं पाजलंस आणि आता समुद्रावर ढकलतेस. समुद्र कुठे, गिरीज कुठे! जमिनीखालून चालत येतो काय तो? बाबांना विहिरी खोदता येत होत्या, विहिरीच्या खालचं त्यांना दिसत नव्हतं. त्यांच्या गोष्टी मुलांना निजवायला ठीक होत्या. मी पाण्याच्या धंद्यात बारा वर्षं आहे.

आणि एक आनंदाची गोष्ट. मे महिन्यात मी येतोय, बरोबर आमच्या हॉटेलचे एक बडे साहेब असतील. त्यांना पूल दाखवायचा आहे. त्यांच्या मनात भरला तर मळ्याच्या जागी खोल्या बांधू, बाग करू, खुर्च्या टाकू. पानवेलींचा आता काय उपयोग? आजकाल पान खातं कोण, म्हातारे आणि थुंकणारे. तुला खोल्यांची देखरेख देऊ, चाव्या कमरेला लावून फिर.

रुडॉल्फ


गिरीज
११ मार्च १९८४

रुडॉल्फ,

चाव्यांबद्दल आभार. माझ्या कमरेला कोयता असतो, तो बरा आहे.

मी पाटात एक घोटही सोडला नाही. तुला पटत नसेल तर नको पटू दे, मी बायबलवर हात ठेवून तुझी समजूत घालत बसणार नाही. तुझी स्टीलची शिडी गंजायला लागली आहे, पाण्यात असते तिथं तांबडे ओघळ आलेत. विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. वेलींचे शेंडे वाळले. इंजिन चालवायला येतो तो कामणचा शत्रुघ्न परवा विहिरीवर पाणी प्यायला आणि थुंकला. म्हणाला, “बाय, ह्या पानी खारा झायला. तोंडान घेववत नाय.” त्यानं बारा वर्षं कुठल्या हॉटेलात काढलेली नाहीत, तेव्हा त्याचं म्हणणं तू मनावर घेणार नाहीसच.

म्हणून तुझ्याच शास्त्राकडे येते. सांडोरचा कॉन्रॅड रजा संपवून परत तिकडे येतोय. त्याच्याबरोबर पाण्याची एक बाटली पाठवली आहे. पाणी कुठलं ते विचारू नकोस. आधी तुझ्या हॉटेलातल्या माणसाकडून तपासून घे आणि तो काय म्हणतो ते जसंच्या तसं कळव.

पॉलिन


मनामा
१ एप्रिल १९८४

पॉलिनबाय,

आज एप्रिल फूलचा दिवस, आणि तुझा डाव बरोबर आजच अंगावर आला. शाबास!

कॉन्रॅडनं बाटली दिली आणि लगेच कामाच्या जागी निघून गेला. मी मूर्खासारखा ती आमच्या केमिस्टकडे घेऊन गेलो. माणूस केरळचा आहे, हुशार आहे आणि वात्रट आहे. चार लोकांसमोर त्यानं तपासणी केली. औषधाचा थेंब टाकला आणि नळी दुधासारखी पांढरी झाली. तो मला विचारतो, “रुडॉल्फ, तुझ्या बहिणीनं तुला समुद्र पाठवलाय की काय?” सगळे हसले. उद्यापासून मी इथं समुद्रवाला रुडॉल्फ.

भुईगावच्या किनाऱ्यावर जाऊन बाटली भरलीस आणि ओळखू येऊ नये म्हणून त्यात थोडं गोडं पाणी मिसळलंस, एवढं मला कळतं. जसंच्या तसं कळव म्हणालीस ना? घे, कळवतो. केमिस्ट म्हणतो, असलं पाणी पूलमध्ये घातलं तर शिडी, पंप, झडपा, सगळं खाऊन टाकेल. यात साबणाला फेस येणार नाही. झाडाला घातलं तर आधी पानांच्या कडा करपतील, मग शेंडे वाळतील, मग झाड मरेल. माणसांनी तर पिऊच नये. झालं समाधान?

तुला मत्सर वाटतो. मी बाहेर पडलो आणि तू त्या चिखलात राहिलीस, एवढंच आहे सगळं. साहेब वीस मेच्या सुमारास येतील. तोवर पूल लख्ख हवा, आणि तेव्हा तरी तोंड बंद ठेव.

रुडॉल्फ


गिरीज
२३ एप्रिल १९८४, ईस्टरचा दुसरा दिवस

रुडॉल्फ,

बाटलीतलं पाणी आपल्या विहिरीचं होतं.

कॉन्रॅडला विचार. त्याच्यासमोर शत्रुघ्ननं बादली सोडली, मी बाटली धुतली आणि भरली, आणि झाकण कॉन्रॅडनं स्वतःच्या हातानं लावलं. तो वाटेत कुठल्या किनाऱ्यावर थांबला असेल तर त्याचं मला माहीत नाही.

शिडी गंजेल, साबणाला फेस येणार नाही, कडा करपतील, मग शेंडे वाळतील. हे सगळं मी तुला जानेवारीपासून लिहितेय. तेव्हा तू मला मोरचूद शिकवत होतास. आता तुझ्या केमिस्टनं चार लोकांसमोर सांगितलं तेव्हा ते खरं झालं.

पवित्र आठवड्यात मी मळा काढून टाकला. मेलेल्या वेली आधारावर तशाच ठेवल्या तर वाळवी लागते. भागूबाई आणि मी, दोघींनी मिळून सोडवल्या, गोळा केल्या आणि जाळल्या. त्यातला जुना वेल बाबांच्या हातचा होता, त्यावरूनच दर वेळी नवे वेल करत आले. आता कशावरून करू? भागूबाई रडली. मी रडले नाही असं लिहिणार होते, पण तुझ्यासारखं खोटं लिहायची मला सवय नाही.

काल ईस्टरच्या मिसेला फादरनी प्रवचनात सगळ्यांना क्षमा करा म्हणून सांगितलं. मी सगळं ऐकलं, कम्युनियन घेतलं आणि घरी आले. तुझा राग तसाच आहे. तू लांब राहतोस हे बरं आहे.

साहेबांना अवश्य आण. टाकी लख्ख आहे, पीएच ७.४ आहे, क्लोरीन एक आहे. तुझ्या नळ्यांत खारेपणाला रंग नाही, त्यामुळे त्यांना काही कळणार नाही. फक्त त्यांच्या प्यायच्या पाण्याची सोय तिकडून करून आण.

पॉलिन


मनामा
१४ मे १९८४

पॉलिनबाय,

कॉन्रॅडला भेटलो. त्यानं सगळं सांगितलं, आणि वर दोन शिव्या दिल्या.

साहेबांना येऊ नका म्हणून सांगितलं. खोल्यांचा विषय संपला. साहेब माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच त्यांचा वेळ फुकट घालवायला बसलो होतो. बघू देत. त्यांना पाण्यातलं काही कळत नाही, खुर्च्या कुठे ठेवायच्या तेवढं कळतं. मलाही फारसं कळत नाही असं दिसतंय. केमिस्टला बावखलाचं विचारलं, तर तो म्हणाला की बाबा सांगायचे ते बरोबर होतं. गोडं पाणी वरून दाबून ठेवतं म्हणून खारं खाली राहतं, त्यांच्या गावाकडेही असंच असतं. बाबांनी आपल्याला निजवायला नव्हतं सांगितलं ते.

पूल फोड. कसा फोडायचा ते लिहितो, एवढं तरी ऐक. आधी क्लोरीन घालणं बंद कर आणि पाणी उन्हात आठवडाभर राहू दे, क्लोरीन उडून जाईल. मग उपसून काढ. पंप आणि फिल्टर जोडावरून सोडवून घे. पहिला घाव मेन ड्रेनच्या जाळीपाशी घाल, तिथं सिमेंट सगळ्यात पातळ आहे. तळाचं सिमेंट सगळं काढ, बाजूच्या भिंती राहिल्या तरी चालतील. फरशांचा तुकडा आत ठेवू नकोस. पाऊस लागायच्या आत कर.

माझा करार ऑगस्टला संपतो. नवा करू नये असं मनात आहे. तू सांगशील तर परत येतो. पण मला दुसरं काहीच येत नाही. वाडीतलं काम मी लहानपणी सोडलं ते सोडलंच. मला पाण्याचंच काम येतं.

रुडॉल्फ


गिरीज
१२ जून १९८४

रुडॉल्फ,

तुझं पत्र आलं तेव्हा टाकी फुटून आठवडा झाला होता. शत्रुघ्न आणि त्याचे दोन भाऊ पहारी घेऊन आले. तुझ्या मेन ड्रेनपासून सुरुवात करायची हे त्यांना तुझ्या पत्राशिवाय सुचलं, कारण जिथं भोक आहे तिथंच माणूस पहार घालतो. अर्धं गाव बघायला जमलं. फादरही आले आणि इतकं छान निळं पाणी होतं म्हणून हळहळले. मी त्यांना फरशीचा एक तुकडा आठवण म्हणून दिला.

पंप आणि फिल्टर ताडपत्रीखाली ठेवलेत. कुणाला हवे असतील तर देऊन टाक, मला ते वाडीत नकोत.

पाऊस लागलाय. खड्ड्यात अजून पाणी साठत नाही, पडेल तेवढं जमीन पिऊन टाकते. विहीर खारीच आहे. शत्रुघ्न म्हणतो दोन पावसाळे जातील, कदाचित तीनही. तोवर वेल लावून उपयोग नाही. आणि लावायचे म्हटले तरी बाबांच्या वेलाचं रोप आता कुठेच नाही, पलीकडच्या वाडीतल्या सालोमीकडे आहे ते दुसऱ्या जातीचं आहे. मी सध्या भाजी करते. तीही पावसाच्या भरवशावर, पावसाळ्यानंतर काय करायचं ते माहीत नाही.

परत येऊ का म्हणून विचारतोस. माझा राग गेलेला नाही, हे आधी सांगून ठेवते. घरी तुझं कौतुक करायला कुणी बसलेलं नाही. पण तुला पाण्याचंच काम येतं म्हणतोस, तर तसलं काम इथं आहे. प्यायचं पाणी आम्ही सालोमीच्या विहिरीवरून आणतो. तिचं बावखल तिच्या भावांनी बुजवलं नाही, म्हणून तिची विहीर गोड राहिली. वाट चिखलाची आहे आणि माझे गुडघे आता ऐकत नाहीत. सकाळ-संध्याकाळ हंडे वाहायला एक माणूस हवा.

तेव्हा ये. या कामात काही तपासावं लागत नाही, तुला जमेल.

पॉलिनबाय